फेलोशिप थांबली की रिश्ते सुरू होतात

केंद्र सरकारने २०२२-२३ पासून मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना संशोधनासाठी २००९ पासून ती मिळत होती आणि ३० टक्के जागा मुलींसाठी होत्या. २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ जणांची निवड झाली. लोकसभेत कारण सांगितलं गेलं, ही योजना इतर योजनांशी 'ओव्हरलॅप' होते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सारखी दिसणारी दोन फंक्शन्स असली, तरी एक उडवण्याआधी ते कोण वापरतंय हे आम्ही बघतो. इथे कुणी बघितलं? ओबीसी दाखला असलेली मुस्लिम मुलगी ओबीसी फेलोशिपकडे जाईल. ज्या मुलीकडे तो दाखला नाही, तिने कुठे जायचं? खुल्या गर्दीत? आणि त्या ३० टक्के जागा कुठल्या योजनेत गेल्या?

सातारा-सांगलीचं विद्यापीठ कोल्हापुरात. मिरजेतली एमएस्सी झालेली मुलगी पीएचडीसाठी तिकडे जायचं म्हणते, तेव्हा दरमहा तिच्या खात्यात येणारी रक्कम हीच अब्बांपुढची तिची सगळ्यात मोठी दलील असते. पैसे थांबले की मुलाला 'दुसरं काही बघ' म्हणतात. मुलीसाठी रिश्ता बघतात. केंद्राच्याच आकडेवारीनुसार २०१८ मध्ये देशातल्या संशोधकांत स्त्रिया फक्त १६.६ टक्के होत्या. मुली हुशारीत कमी पडत नाहीत, मधेच गळतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. नुसती शाळा काढून भागत नाही, राहण्या-जेवणाची सोय लागते, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' संस्थेला मान्यता दिली. तिच्याकडे आपली मागणी स्पष्ट हवी: संशोधन फेलोशिप, त्यात निम्म्या जागा मुलींना, रक्कम दरमहा वेळेवर, लग्न किंवा बाळंतपणामुळे खंड पडला तरी परत येण्याची मुभा, आणि दरवर्षी मुला-मुलींचे वेगवेगळे आकडे जाहीर.

पण सरकारला जाब विचारताना आपल्या जमातीलाही विचारू या. आपले गुणगौरव सोहळे दहावी-बारावीशीच का थांबतात? ट्रॉफी आणि शाल देणाऱ्या हातांनी पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा तीन वर्षांचा हॉस्टेल खर्च उचलला, तर काय बिघडेल? कराड, मिरज, सातारा, सांगली: प्रत्येक गावाने एक मुलगी. सुरुवात एवढीच.