वेंधळा म्हणण्याआधी

विहिरीवरची मोटार बंद करायची राहिली, सऱ्या फुटल्या. पीककर्जाचा अर्ज भरून झाला, पण मुदत उलटली तरी पिशवीतच. मेहकर-चिखलीकडच्या कितीतरी घरांत असा माणूस चाळिशीतही ‘वेंधळा’च ठरतो. त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यातली आणि मनाला आवर घालण्यातली लहानपणापासूनची अडचण असू शकेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नसते.

मनोविकारांच्या निदानासाठीच्या डीएसएम-५ या 2013 च्या निकषांनुसार प्रौढांत किमान पाच लक्षणे दिसावी लागतात आणि काहींची सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावी लागते. म्हणजे आईला विचारा, शाळेचे जुने प्रगतिपुस्तक काढा, थायरॉईड, झोप, नैराश्य तपासा. हे काम घाईच्या ओपीडीत होत नाही. शहरातल्या खासगी तपासणीचा खर्च आणि एसटीचा प्रवास सगळ्यांना झेपणारा नाही.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड हॅलोवेल यांना स्वतःलाच एडीएचडी आहे आणि ते ही गोष्ट उघडपणे सांगतात. समोरचा डॉक्टर ‘मलाही हे होतं’ म्हणाला, की वर्षानुवर्षांची शरम सैल होते. आपल्याकडच्या डॉक्टरांनीही हे धाडस करावे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. तरी जिल्हा रुग्णालयाने प्रौढांच्या तपासणीसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा, ही आमची आग्रहाची मागणी आहे. तोवर पहिले बोलणे घरूनही करता येईल: ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही.