बाई, हे कशावरून?

मुलांच्या पुस्तकांचा बाजार हा मोठा विलक्षण बाजार आहे. ज्याने वाचायचे तो विकत घेत नाही, आणि जो विकत घेतो तो वाचत नाही. मेथीची जुडी घेताना आपण ती उलटीपालटी करून पाहतो, वांगे दाबून पाहतो, लुगड्याचा पोत दोन बोटांत चुरगाळून पाहतो. पोराच्या हाती द्यायचे पुस्तक मात्र वेष्टनावरचा रंग आणि किमतीवरची सूट पाहून पिशवीत पडते. दिवाळीच्या या चार दिवसांत मामा भाच्यांना आणि आत्या भाचरांना पुस्तके वाटतील. चाल चांगलीच आहे. पण वाटण्यापूर्वी दोन शब्द ऐकून घ्यावेत, एवढीच माझी विनंती.

मी पाबळची मास्तरीण. बालवर्ग आणि पहिली-दुसरीची मुले सांभाळते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आताच्या भाषेत दहावी. रात्री कंदिलाऐवजी आता विजेच्या दिव्याखाली बसून कादंबऱ्या लिहिते. तेव्हा पंडितांची भाषा माझ्याजवळ नाही. मुले पुस्तकाचे काय करतात हे मात्र मी रोज पाहते, आणि त्या बळावरच हे लिहिते आहे.

प्रथम अगदी पहिल्या पुस्तकाचे बोलू. आपल्या अंकलिपीत ‘अ’ अननसाचा असतो. आमचा भाग पर्जन्यछायेतला; इथे बाजरी, ज्वारी आणि कांदा. अननस मुलाला दिसला तर आठवड्याच्या बाजारात, नाहीतर त्या चित्रात. ‘ष’ षटकोनाचा, मुलाला अजून सहापर्यंत धड मोजता येत नाही आणि आपण त्याच्यापुढे भूमिती मांडतो! मुलाने लांबच्या वस्तू पाहूच नयेत असे मी म्हणत नाही. हत्ती कोणाच्या गोठ्यात असतो? तरी तो मुलांना आवडतोच. माझे म्हणणे इतकेच, की अक्षर अनोळखी, शब्द अनोळखी आणि वस्तूही अनोळखी, असे तिहेरी कुलूप पहिल्याच दाराला घालू नये.

बरे, अक्षरे घोटून मूल पुस्तकापर्यंत पोचले तर पुढे काय वाढून ठेवलेले असते? ‘सत्यवचनी बालकास सर्वत्र सन्मान प्राप्त होतो’ अशा थाटाची वाक्ये! ओळीत पाचसात जोडाक्षरे, आणि अर्थाच्या नावाने शंख. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत जे काम उभे केले, त्याचे मर्म अगदी साधे आहे. अक्षरे आणि काने-मात्रे गटागटाने द्यायचे, आणि प्रत्येक गट शिकून झाला की मुलाला लगेच अर्थाचे काहीतरी वाचता आले पाहिजे. आता हेच पाहा ना: क, ब, म, ल ही चार अक्षरे आणि एक काना एवढ्या भांडवलावर मूल ‘काका, मला मका’ असे वाचू शकते. चार अक्षरांत त्याने मक्याचे कणीस मागितले! हा आनंद ज्याने एकदा चाखला तो पाचव्या अक्षरासाठी आपण होऊन हात पुढे करतो.

हे कौतुक नव्हे, निकड आहे. २०२४ सालच्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या चार मुलांपैकी जेमतेम एकाला दुसरीचा उतारा वाचता आला. उरलेली तीन मुले मठ्ठ आहेत काय? मुळीच नाहीत. ही मुले शेरडे राखतात, हिशेबाने सुटे पैसे परत आणतात, मोबाइल तर आपल्यालाच शिकवतात. त्यांच्या हाती वाचण्याजोगे काही पडलेच नाही, हे त्यातले निदान अर्धे कारण आहे. विहीर दाखवायची, पोहरा द्यायचा नाही, आणि मग पोराला तहानच नाही म्हणून ओरडायचे, असला हा न्याय!

या दुखण्याचे मूळ जुने आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ साली निघाले, आणि त्याच सुमारास त्यांची इसापनीतीही आली. मराठीतले मुलांचे पुस्तक जन्मले तेच बोधाची कुंची घालून. त्या काळी ते ठीक होते. पूर्वजांनी रस्ता पाडला, त्यांना नमस्कार. पण दोनशे वर्षे होत आली तरी ती कुंची आपण काढायला तयार नाही, याला काय म्हणावे? ससा मेला तरी तात्पर्य, कासव जिंकले तरी तात्पर्य. कोणी म्हणेल, ‘बाई, मग संस्कारांचे काय?’ अहो, ‘श्यामची आई’ १९३५ पासून घराघरांत वाचली जाते ती काय शेवटी तात्पर्य छापले आहे म्हणून? त्या आईचे दुःख खरे आहे म्हणून. संस्कार खऱ्यातून होतो. उपदेशातून फार तर जांभई येते.

आणि खऱ्याचा विषय निघाला म्हणून माहितीच्या पुस्तकांकडे वळते, कारण खरा अपराध तिथे घडतो आहे. ‘सामान्यज्ञान’ नावाचे जाडजूड ग्रंथ जत्रेतल्या रेवड्यांसारखे विकले जातात. त्यांत अजून नऊ ग्रह असतात; प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठवले त्याला २००६ च्या ऑगस्टपासून किती वर्षे लोटली! महाराष्ट्राचे जिल्हे पस्तीसच. पालघर हा छत्तिसावा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला हे त्यांच्या गावीही नाही. हॉकी आपला ‘राष्ट्रीय खेळ’. असा कोणताही खेळ सरकारने जाहीर केलेला नाही, हे खुद्द केंद्र सरकारने २०१२ साली माहिती अधिकारात सांगितले आहे. राज्यांची तर मौजच आहे. २०१४ पूर्वी ती २८ होती, तेलंगण झाल्यावर २९ झाली आणि २०१९ च्या ऑक्टोबरअखेर जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर पुन्हा २८. म्हणजे २०१२ चे पुस्तक आज आकडा बरोबर सांगते आणि यादी चुकीची! बंद पडलेले घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवते, तशातलाच हा प्रकार.

पण चुकीचा आकडा हे या पुस्तकांचे लहान पाप. मोठे पाप निराळेच आहे. ही पुस्तके मुलाला ‘हे कशावरून?’ असे विचारू देत नाहीत. आमच्याच गावातले उदाहरण देते. पाबळ म्हटले की लोकांना मस्तानी आठवते. बाजीरावाने पाबळ, केंदूर, लोणी ही गावे तिला इनाम दिली होती. तिची कबर इथेच आहे. कोणी तिला समाधी म्हणतात, कोणी मजार. बाहेरगावच्या सहली येतात आणि त्यांना दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: मस्तानी इतकी नितळ गोरी होती की विडा खाल्ला की पिंक गळ्यातून उतरताना दिसे, आणि बाजीराव गेल्याचे कळताच तिने अंगठीतला हिरा गिळून प्राण सोडला. दुसरीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘बाई, आपण पाणी पितो ते कुठे गळ्यातून दिसते? मग पिंक कशी दिसेल?’

वाचकहो, या प्रश्नाला तोलेल असे किती पुस्तक आपल्याकडे आहे? चांगले पुस्तक त्या मुलीला असे सांगेल: बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला वारला, हे ठाऊक आहे. त्यानंतर थोड्याच काळात मस्तानीही गेली, हेही ठाऊक आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ च्या पानिपतात कामी आला, हेही ठाऊक आहे. पण ती कशाने गेली याविषयी इतिहासात एकमत नाही. हिरा, विडा या लोकांनी रंगवलेल्या गोष्टी आहेत, आणि लोकांना त्या का रंगवाव्याशा वाटल्या, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मी कादंबऱ्या लिहिणारी बाई. कल्पनेशी माझे वैर असेल कसे? हिऱ्याची गोष्ट खुशाल सांगा, पण गोष्ट म्हणून सांगा. गोष्टीला माहितीचा शिक्का मारून मुलाच्या हाती देणे म्हणजे खोटे नाणे चालवणे. आणि मुलाला ते कळते बरे! कळले की ते पुस्तकावरचा विश्वासच काढून घेते.

याच पाबळमध्ये १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग आले. मोठ्या कंपनीतले संशोधकाचे पद सोडून या अवर्षणी गावात त्यांनी विज्ञान आश्रम उभारला. हाताने काम करता करता शिकायचे, हा त्यांचा मंत्र. वेल्डिंग, शेती, विजेची जोडणी, रक्तातले हिमोग्लोबिन तपासणे, सगळे मुलांनी स्वतः करायचे. २००३ साली ते गेले. काम चालू आहे. अंकलिपीतला ‘ऐ’ ऐरणीचा शहरातल्या मुलाला पाठ करावा लागतो. आमच्याकडे मुलाने ऐरणीवर घाव घातलेला असतो. अशा मुलाला माहितीचे पुस्तक कसे हवे? करून पाहा, मोजून पाहा, आणि माझे चुकले असेल तर मलाही सांग, असे म्हणणारे. अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून विज्ञान दाखवणारी पुस्तके लिहिली ती याच जातीची. तिथे थापेला जागाच नाही. काडी जुळली तर जुळली, नाही तर पुस्तक खोटे.

आता कोणी हटकेल, की ही पुस्तके महाग असतात आणि मिळत नाहीत. यातले काही खरे आहे, बरेचसे आळसाचे आहे. नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ पासून स्वस्तात पुस्तके काढते आहे. माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच घ्या. घरातलीच माणसे, घरातलीच भाषा, आणि तात्पर्य औषधालाही नाही. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक संगणकावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सने २०१५ पासून स्टोरीविव्हरवर पायरीपायरीने वाचायच्या गोष्टी मराठीतही मोफत ठेवल्या आहेत. ज्या मोबाइलवर आपण सकाळी सुविचार ढकलतो त्याच मोबाइलवर!

शाळांचे म्हणाल तर पैसाही आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात गोष्टींची पुस्तकेही हवीत, असे लिहूनच ठेवले आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत रुपये ठरवलेले आहेत. पण मार्चअखेर आली की पुस्तके किलोच्या हिशेबाने निवडली जातात, आणि मग कपाटाला कुलूप लागते. कारण मुलांच्या हातांनी पुस्तके फाटतात! अहो, फाटू द्या. कोरे करकरीत पुस्तक हे मुलांच्या ग्रंथालयाचे भूषण नव्हे, तो त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे.

तेव्हा या दिवाळीत पुस्तक घ्यायला जाल तेव्हा दुकानात उभ्याउभ्या दोन पाने मोठ्याने वाचा. तुमचीच जीभ अडखळली तर सहा वर्षांच्या पोराचे काय होईल? माहितीचे पुस्तक असेल तर ते कोणत्या साली छापले ते पाहा, आणि तुम्हाला पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट त्यात शोधा. तुमच्या जिल्ह्याची, तुमच्या धंद्याची, तुमच्या पिकाची. ती चुकली असेल तर न ठाऊक असलेल्या नव्याण्णव गोष्टींवर भरवसा कशाला ठेवता? आणि शक्य असेल तर मुलालाच बरोबर न्या. त्याला तिथे फरशीवर बसून निवडू द्या. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. लुगडे घेताना तुम्ही त्याच्याकडून पन्नास घड्या मोडून घेता, तेव्हा कुठे तुम्हाला संकोच वाटतो?