हुंडा देणारी शहरं

हुंड्याचा हिशेब आपल्याला नवा नाही. मुलाकडचे तोंडाने काही मागत नाहीत, ‘तुमच्या इच्छेने काय द्यायचं ते द्या’ म्हणतात. मुलीचा बाप मात्र शेजारच्याने किती दिलं याची चौकशी करून त्याहून जास्त कर्ज काढतो. हाच व्यवहार एखादं शहर एखाद्या कंपनीशी करतं, तेव्हा त्याला ‘विकास’ म्हणतात. कर्ज फेडणाऱ्यांत आपण असतो, बैठकीत मात्र नसतो.

अमेरिकेतलं उदाहरण मुद्दाम घेते, कारण तिथे हा व्यवहार उघड्यावर आला. सप्टेंबर २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने जाहीर केलं की तिला सिएटलखेरीज दुसरं मुख्यालय हवं आहे. गुंतवणूक ५ अब्ज डॉलर, नोकऱ्या ५०,०००. शहरांनी अर्ज करावेत! कंपनीच्या पसंतीच्या अटी चार होत्या. दहा लाखांहून मोठी लोकवस्ती, उद्योगाला अनुकूल स्थिर वातावरण, तंत्रज्ञ मिळतील आणि टिकतील अशी जागा आणि ‘मोठा विचार’ करणारं शहर. कोणत्या सवलती देणार, हेही लिहून मागितलं होतं. घरभाडं भरताना मेटाकुटीला येणाऱ्या बाईचा, तिच्या मुलांना सांभाळायच्या जागेचा या चार अटींत उल्लेख नव्हता.

२३८ प्रस्ताव आले. टुसानने २१ फुटांचं निवडुंग पाठवलं. जॉर्जियातल्या स्टोनक्रेस्टने आपली ३४५ एकर जमीन वेगळी काढून तिला कंपनीचं नाव द्यायची तयारी दाखवली. न्यूअर्कसाठी ७ अब्ज डॉलरच्या, तर मेरीलँडमध्ये साडेआठ अब्जांच्या सवलती पुढे आल्या. चहापोहे घेऊन मुलगी पुढे येते, चालून दाखवते, गाऊन दाखवते, त्यातलाच हा प्रकार. नकार आला तरी घरची सगळी माहिती पाहुण्यांकडे गेलेली असते. आपली जमीन, वाहतूक, मजुरीचे दर, मनुष्यबळ यांची माहिती शहरांनी स्वतःच्या खर्चाने तयार करून कंपनीच्या हाती दिली. अनेक ठिकाणी अधिकाऱ्यांनी गुप्ततेच्या करारांवर सह्या केल्या. आपल्याच करातून काय देऊ केलं आहे, ते नागरिकांना कळेना.

नोव्हेंबर २०१८ मध्ये निकाल लागला. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं लाँग आयलंड सिटी आणि वॉशिंग्टनला लागून असलेलं व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन. देशाची आर्थिक राजधानी आणि राजकीय राजधानी! शिकलेली, तयार माणसं जिथे आधीच आहेत तिथेच कंपनी गेली. मग बाकीच्यांना रांगेत कशाला उभं केलं? भाव चढवायला.

भावही पाहा. दोन्हीकडे २५,००० नोकऱ्यांचंच वचन होतं. न्यूयॉर्कने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या, म्हणजे एका नोकरीमागे १ लाख २० हजार डॉलर. व्हर्जिनियाच्या थेट सवलती होत्या सुमारे ५७ कोटी, म्हणजे नोकरीमागे २३ हजारांच्या आसपास. रस्ते आणि शिक्षणावरचा तिथला खर्च वेगळा धरला, तरी प्रश्न उरतोच. कंपनी तीच, काम तेच, मग दरात इतका फरक का? कारण हा दर कामाच्या मोलावर ठरत नाही, देणाऱ्याच्या धास्तीवर ठरतो. टिमोथी बार्टिक या अर्थतज्ज्ञाने २०१८ मध्ये यावरचे अनेक अभ्यास तपासले. त्याचा निष्कर्ष असा की शंभरातल्या फार तर २ ते २५ वेळाच सवलतीमुळे कंपनीचा निर्णय बदलतो. बाकीच्या वेळी ती तिथे येणारच असते. पैसा फुकट जातो.

लाँग आयलंड सिटीच्या त्या जागेजवळ क्वीन्सब्रिज ही अमेरिकेतली सर्वांत मोठी सरकारी घरांची वसाहत आहे. या नोकऱ्यांचा सरासरी पगार वर्षाला दीड लाख डॉलर सांगितला होता. असे पगारदार हजारोंनी आले की भाडी कुणाची वाढतात? करारात कंपनीच्या हेलिकॉप्टरसाठी तळाचीही सोय होती. जमीनवापराचा निर्णय एरवी नगर परिषदेसमोर येतो. तोही राज्याच्या अखत्यारीत नेऊन परिषदेला बाजूला ठेवलं गेलं. ‘मेक द रोड न्यूयॉर्क’सारख्या स्थलांतरितांच्या संघटना रस्त्यावर आल्या, काही लोकप्रतिनिधी त्यांच्या बाजूने उभे राहिले. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीने माघार घेतली.

आपल्यातल्याच काहीजणी इथे विचारतील, ‘मग २५,००० नोकऱ्या घालवल्याच ना?’ प्रश्न रास्त आहे. क्वीन्सब्रिजच्या भाडेकरूंच्या काही प्रतिनिधींनाही कंपनी हवी होती. ज्यांची तरुण मुलं घरी बसून आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण पुढचं ऐका. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच कंपनीने न्यूयॉर्कमध्येच, मॅनहॅटनला, १,५०० माणसांसाठी कार्यालय घेतलं, तेही खास सवलत न घेता. संख्या लहान आहे, मान्य. पण हुंडा दिला नाही तर मुलगी घरात राहील, ही भीती किती खरी असते ते त्यातून दिसलं. आणि दिलेल्या घरी? आर्लिंग्टनमध्ये पहिला टप्पा २०२३ मध्ये उघडला. दुसऱ्या टप्प्याचं बांधकाम कंपनीने त्याच वर्षी पुढे ढकललं. घरांच्या किमतीचा प्रश्न तर कंपनीलाही नाकारता आला नाही. आपली मोठी कार्यालयं असलेल्या भागांत परवडणाऱ्या घरांसाठी २ अब्ज डॉलरचा निधी तिने २०२१ मध्ये जाहीर केला. त्यातला मोठा वाटा कर्जाचा होता.

मुख्यालय आलं म्हणजे ते कायमचं राहतं असंही नाही. बोईंगने २००१ मध्ये सिएटल सोडलं. शिकागो, डॅलस, डेन्व्हर यांना झुंजवून शिकागो निवडलं, सवलती घेतल्या आणि २०२२ मध्ये आर्लिंग्टनला जायचं जाहीर केलं.

हे आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना तळेगावऐवजी गुजरातला जाणार हे कळलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! तो कारखाना होता, मुख्यालय नव्हे, पण राज्याराज्यांतली चढाओढ तीच. ‘आमचा प्रकल्प पळवला’ असं सगळे पक्ष एकमेकांवर ओरडत होते. काय देऊ केलं होतं, पाणी किती लागणार होतं, बायकांना कायम काम मिळणार होतं की ठेक्यावर, याची चर्चा त्या गदारोळात बुडून गेली. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली.

मी ज्या वस्तीत काम करते, तिथल्या बायका काचेच्या मोठमोठ्या इमारतींत झाडलोट करतात, कॅन्टीनमध्ये भांडी घासतात. कंपनी आपल्या शहरात आली याचा त्यांना आनंदच आहे, कारण काम मिळालं. पण त्यांचा मालक कंपनी नाही, ठेकेदार आहे. ठेकेदार बदलला की नोकरी पहिल्यापासून सुरू. २०१७ च्या कायदा दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. पण या बायकांची मुलं मात्र वस्तीत मोठ्या बहिणीच्या कडेवर असतात, आणि त्या बहिणीची शाळा बुडते. या कामाला कुठल्याच प्रस्तावात किंमत नसते. ते नसेल तर त्या इमारतीचा एक मजलाही दुसऱ्या दिवशी चालणार नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. सह्या होण्याआधी करार लोकांसमोर, ग्रामसभेत आणि प्रभागसभेत आला पाहिजे. एका नोकरीमागे सरकार किती देणार, त्यातल्या कायम किती, ठेक्यावरच्या किती, बायकांना किती, हे छापून आलं पाहिजे. ठेक्यावरच्या बायकांच्या मुलांनाही पाळणाघर मिळालं पाहिजे. आजूबाजूच्या भाडेकरूंना संरक्षण हवं. वचन मोडलं किंवा कंपनी निघून गेली, तर सवलत व्याजासह वसूल झाली पाहिजे.

तुमच्या शहरात असा प्रकल्प येणार म्हणून हारतुरे, फलक लागले, तर माहितीच्या अधिकाराखाली करारनामा मागा. नाकारला तर अपील करा. मिळाला तर महिला मंडळात, बचत गटात मोठ्याने वाचा. ज्यांच्या नावावर हे कर्ज काढलं जातं, त्यांनी निदान रक्कम तरी विचारायला हवी.