रिकाम्या रकान्याचा अर्थ लिहा

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातल्या हस्तिदंती बाहुलीची तुलना नेहमी पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी होते. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे तिथली मूर्ती त्याआधीची, यात वाद नाही. तेरच्या बाहुलीला असा आधार नाही. लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवर, शेतांत वर आलेल्या वस्तू आयुष्यभर जपल्या, म्हणून आज त्या आपल्यापुढे आहेत. मात्र त्या कोणत्या थरातल्या, हे कळायला मार्ग नाही. तेरच्याच १९५८ च्या उत्खननातल्या वस्तूंची गोष्ट वेगळी. तिथे थर पाहत, खोली मोजत काम झाले.

या दोन्ही प्रकारच्या वस्तू एकाच डेटाबेसमध्ये आणायच्या, तर ‘थर’ आणि ‘खोली’ या रकान्यांत काय भरायचे? अशा कामाच्या मार्गदर्शिकेत हमखास एक वाक्य असते : ‘माहिती नसल्यास रिकामे सोडावे.’ माझा आक्षेप या वाक्यावर आहे. थर कधी नोंदलाच गेला नाही, नोंदला होता पण कागद हरवला, की नोंदवही अजून कुणी उघडलीच नाही? तिन्ही ठिकाणी रकाना रिकामाच दिसतो. तिसऱ्या बाबतीत काम बाकी आहे, पहिल्यात ते कधीच होणार नाही.

खोलीच्या रकान्यात तर शून्यालाही अर्थ आहे : वस्तू जमिनीच्या पृष्ठभागावर मिळाली. रिकाम्या जागी आपोआप शून्य भरणारी प्रणाली न मोजलेली प्रत्येक वस्तू पृष्ठभागावर आणून ठेवते.

एसक्यूएल या डेटाबेसच्या प्रश्नभाषेत रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात. ‘थर तीनमधल्या वस्तू दाखव’ म्हटले की नल असलेल्या वस्तू येत नाहीत, हे ठीक. पण ‘थर तीन सोडून बाकीच्या दाखव’ म्हटले तरी त्या येत नाहीत! लामतुरे यांनी वेचलेल्या वस्तू दोन्ही याद्यांतून गळतील आणि संशोधकाला पत्ताही लागणार नाही. ऑरेकल ही डेटाबेस प्रणाली तर कोरी अक्षरओळ आणि नल यांत फरकच करत नाही. रिलेशनल डेटाबेसची मांडणी १९७० मध्ये करणाऱ्या एडगर कॉड यांनीही पुढे ‘आहे पण माहीत नाही’ आणि ‘लागूच नाही’ यांसाठी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या.

म्हणून मार्गदर्शिकेत असे लिहावे : ‘वस्तू उत्खननाबाहेर मिळाली व थर नोंदलेला नाही, तर “थर नोंदलेला नाही” निवडा. मूळ नोंदवही तपासायची असेल, तर “तपासणी बाकी” निवडा. खोलीत ० फक्त पृष्ठभागावर मिळालेल्या वस्तूसाठी. रकाना रिकामा सोडू नका.’