खुनी कोण हे गावाला माहीत असतं

मराठी साहित्याच्या दरबारात एक निकाल फार पूर्वीच लागला आहे. रहस्यकथा लिहिणारा साहित्यिक नाही आणि ती वाचणारा खरा वाचक नाही! बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांचा आकडाही हजाराच्या पुढे गेला. सुहास शिरवळकरांच्या पुस्तकांवर कॉलेजातल्या पिढ्या वाढल्या. तरी या मंडळींच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो, तोही नाक मुरडून लिहिलेला.

प्रस्थापितांचं जाऊ द्या. आपल्या चळवळीतले काही ज्येष्ठही हाच निकाल वाचून दाखवतात. पिंगुळीत आमच्या बैठकीत एक मुलगा म्हणाला, "शिरवळकर वाचूक बरे वाटतत." लगेच एका ज्येष्ठांनी बजावलं, "त्यापरीस बाबासाहेबांका वाच." मुलगा गप्प झाला. बाबासाहेब वाचायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण शिरवळकर वाचणाऱ्याला गप्प करून तो बाबासाहेबांपर्यंत पोचेल, हे मला पटत नाही.

आधी हे पाहू की या कथा वाचत कोण होतं. वर्गणी भरून साहित्य संमेलनाला जाणारा वर्ग थोडा. अर्नाळकरांचा धनंजय, झुंजार आणि काळापहाड ज्यांनी जगवला त्यांत गिरणी कामगार होते, कारकून होते, घरात पहिल्यांदाच अक्षर शिकलेली पोरं होती. कोकणातला चाकरमानी मुंबईहून गणपतीला गावी यायचा तेव्हा त्याच्या पिशवीत असली पुस्तकं असायची. ज्याच्या बापाला अक्षर नाकारलं गेलं, तो माणूस कंदिलाच्या उजेडात शंभर पानं एका बैठकीत संपवतो, ही साधी गोष्ट आहे का? वाचनाची गोडी त्याला कुठल्या समीक्षकानं लावली? त्या स्वस्त पुस्तकांनीच लावली.

आणि उत्कंठा ही हलकी चीज आहे असं म्हणणाऱ्यानं एकदा पिंगुळीला यावं. इथल्या ठाकर आदिवासी कलावंतांनी चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपली. पोथी म्हणजे चित्रांचा गठ्ठा. एक चित्र समोर धरायचं, वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं त्याची कथा लावायची, आणि पुढचं चित्र काही वेळ झाकून ठेवायचं. श्रोता हलत नाही, कारण पुढे काय हे त्याला कळलेलं नसतं. रहस्यकथाकार वेगळं काय करतो? परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा शहरांनी ही कला आहे म्हणून मान डोलावली. त्याआधी ती गावोगाव फिरून, धान्य मागून जगत होती.

पण या चित्रकथीकडे आंबेडकरी नजरेनं पाहिलं तर दुसरीही एक गोष्ट दिसते. हात ठाकरांचे, गळा ठाकरांचा, चित्रं ठाकरांची. कथा मात्र रामायण-महाभारताची. श्रोत्यांना रात्रभर धरून ठेवण्याची ताकद ज्यांच्याकडे होती, त्यांच्या स्वतःच्या जगण्याची पोथी कुणी बांधली नाही. रहस्यकथेच्या आपल्या वाचकाचंही असंच झालं. लक्ष त्याचं, झोपमोड त्याची, पैसे त्याचे, गोष्ट दुसऱ्याची.

म्हणून वाचकाची बाजू घेतली तरी या कथांची उलटतपासणी टळत नाही. काळापहाड आणि झुंजार कायद्याबाहेर राहून बदमाश श्रीमंतांना धडा शिकवतात. गरीब वाचकाला हे आवडणारच. कोर्टाची पायरी चढून काय मिळतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण या कथांत जात हा शब्द सहसा येत नाही. त्याच देशात 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं आणि तो कायदा 1952 पर्यंत जिवंत होता. रहस्यकथेत संशय शेवटच्या पानापर्यंत सगळ्यांवर सारखा फिरतो. पारधी वस्तीत तो पहिल्याच रात्री पोलीस व्हॅनमधून येतो. हा फरक मराठी रहस्यकथेनं कधी गंभीरपणे घेतला का?

आपल्या जगण्यात रहस्य नाही असं नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या 1963 सालच्या संग्रहातली त्याच नावाची कथा वाचा. परक्या शहरात नोकरीला गेलेला तरुण जात लपवून राहतो. ती उघडी कधी पडेल, या एका प्रश्नानं वाचकाचा श्वास अडकतो. इथे खून झालेला नाही, हिरा चोरीला गेलेला नाही. आडनाव विचारलं जाणं एवढीच दहशत, आणि ती कुठल्याही भुताटकीपेक्षा मोठी. शहरात भाड्यानं खोली शोधलेल्या आपल्या प्रत्येक पोराला ही कथा न वाचताही पाठ आहे.

मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे. रहस्यकथेत प्रेत पहिल्या प्रकरणात सापडतं आणि खुनी शेवटच्या. आपल्याकडे क्रम उलटा असतो. खुनी कोण हे गावाला पहिल्या दिवशी माहीत असतं. ते कागदावर येईल का, हेच शेवटपर्यंत रहस्य राहतं.

29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं ते गावाच्या डोळ्यांदेखत. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. 2010 साली उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून जन्मठेप दिली. पण हे हत्याकांड जातीमुळे घडलं, हे सिद्ध झालं असं कुठल्याच निकालानं मानलं नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागलाच नाही. खून मान्य, खुनी मान्य, कारण गायब!

खर्ड्याच्या नितीन आगेचं प्रकरण आणखी पुढे गेलं. 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांच्या त्या पोराला मारलं. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. मग नितीनला मारलं कुणी? ही मराठीतली न सुटलेली रहस्यकथा आहे आणि तिचं शेवटचं पान कोरं आहे. ते भरायला कुणी धनंजय येणार नाही.

इथेच मला त्या शिरवळकर वाचणाऱ्या मुलाचं मोल वाटतं. रहस्यकथेचा मुरलेला वाचक काय करतो? वेळा जुळवतो. कोण कुठे होतं ते लक्षात ठेवतो. पहिल्या जबाबात एक आणि दुसऱ्यात दुसरंच असेल तर थांबतो. जो फार जोरात बोलतो त्याच्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. हीच नजर फिर्याद, पंचनामा, वैद्यकीय अहवाल आणि दोषारोपपत्रावर फिरली तर? अ‍ॅट्रॉसिटीचा तपास नियमानं पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. तपास पुरा करून दोषारोपपत्र साठ दिवसांत दाखल करायचं असतं. 2015 च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 15-अ मध्ये पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क दिला आहे. हे कायद्यात लिहिलेलं आहे, पण किती कार्यकर्ते तारखा मोजत बसतात? मोर्चाला हजार जण येतात, दोषारोपपत्र वाचायला दोघंही बसत नाहीत. प्रकरणं तिथेच सुटतात, आणि साक्षीदारही तिथेच एकटा पडतो.

"बाबासाहेब वाच" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की मुलाच्या हातात बाबासाहेबांचं 1948 चं अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारं पुस्तक द्या, आणि 'हा एक तपास आहे' असं सांगून द्या. अस्पृश्यता कुठून आली याचा थेट पुरावा कुणी मागे ठेवला नव्हता. बाबासाहेबांनी वस्त्या गावाबाहेर का, हा साधा प्रश्न घेतला, ग्रंथ उलटेपालटे केले, तुटलेले दुवे तर्कानं जोडले, आणि जिथे अनुमान आहे तिथे ते अनुमान आहे हे मान्य केलं. हजारो वर्षांच्या गुन्ह्याचा माग काढणारा एवढा मोठा तपास मराठी मुलखातल्या दुसऱ्या कुणी केल्याचं मला माहीत नाही. शिरवळकरांवर डोळे तयार झालेला मुलगा हे पुस्तक जास्त नीट वाचेल.

तेव्हा मित्रांनो, रहस्यकथा बिनधास्त वाचा, लपवून वाचू नका. वाचून झालं की आपल्या तालुक्यातलं एक प्रकरण निवडा. त्याच्या कागदांच्या प्रती मिळवा, तारखांची वही घाला, साक्षीदाराच्या घरी महिन्यातून एकदा तरी चहाला जा. आणि जमेल त्यानं लिहावं. आपल्या प्रकरणांची पोथी आपल्यालाच बांधायची आहे, तिच्यातलं पुढचं चित्र आता कुणालाही झाकू द्यायचं नाही.

जय भीम.