गोठ्यातील माशी आणि गावाचा उकिरडा

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात डोके वर काढलेली लम्पी त्वचारोगाची साथ पाहता पाहता महाराष्ट्रभर पसरली. सप्टेंबरात संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, गुरांचे आठवडी बाजार बंद पडले. शेळ्यांच्या देवीवरील लस गाईबैलांना सरसकट टोचण्याची मोहीम शासनाने हाती घेतली. मृत गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपयांची मदत जाहीर केली. या कामाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांचे पुढे काय झाले, असे विचारले तर समाधानकारक उत्तर मिळत नाही. गोठ्यांत फवारण्या झाल्या, चार दिवस औषधाचा दर्प राहिला आणि पंधरवड्यात माश्या पूर्ववत घोंघावू लागल्या.

हे असे का होते, हे समजण्यासाठी माशीची राहणी पाहिली पाहिजे. गोठ्यातील सगळ्या माश्या एका जातीच्या नसतात. डोळ्यांवर आणि जखमांवर बसणारी घरमाशी चावत नाही, पण घाण वाहून नेते. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक माशी सोंडेने कातडी भोसकून रक्त पिते. ती मुख्यतः पायांवर बसते. गाय उभ्या जागी सारखे पाय आपटू लागली की या माशीचा उपद्रव वाढला असे समजावे. ही माशी जनावराच्या अंगावर दिवसातून काही मिनिटेच असते, उरलेला वेळ भिंतीवर नाहीतर कुंपणावर. अंडी घालते ती शेण, मूत आणि गुरांनी खाऊन टाकलेली चगळ यांच्या ओल्या, कुजत्या मिश्रणात. उन्हाळी हवेत घरमाशीची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, या चावऱ्या माशीची दोन-तीन आठवड्यांत. सर्रासारखा रोग फैलावणारी मोठी गोमाशी तर पाणथळ चिखलात वाढते, म्हणून तिचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. गोठ्यातील बहुतेक माश्यांचे माहेर मात्र उकिरडाच होय.

उघड आहे की, उडणारी माशी मारणे म्हणजे भरलेला हौद वाटीने उपसणे आहे. नळ उकिरड्यात उघडा असतो. शिवाय औषधाचा जोर फार काळ टिकत नाही. डीडीटीचा उदोउदो चालू असतानाच १९४६-४७ च्या सुमारास स्वीडन आणि इटलीत त्याला दाद न देणाऱ्या घरमाश्या आढळल्या होत्या. पुढे आलेल्या प्रत्येक औषधाची थोड्याफार फरकाने हीच कथा झाली. एक औषध निकामी झाले की शेतकऱ्याने दुसरे, अधिक महाग औषध विकत घ्यावे, असा हा व्यवहार आहे. त्यात विक्रेत्याचा नफा निश्चित असतो. शेतकऱ्याच्या पदरी खर्च पडतो आणि वैरणीत व दुधात विष उतरण्याचा धोका राहतो. फवारणीला मुळीच स्थान नाही असे नव्हे. साथीच्या ऐन भरात तिचा उपयोग आहे. पण तेवढ्यावर भिस्त ठेवणे म्हणजे रोगाचे मूळ कायम ठेवणे होय.

मग उकिरडा का हटत नाही? याचे सोपे उत्तर अधिकाऱ्यांच्या तोंडी ठरलेले असते : शेतकरी अडाणी आहे, त्याला स्वच्छतेची सवय नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्याच्याकडे दहा एकर जमीन आहे, तो गोठा वस्तीपासून दूर, उतारावर, फरशी घालून बांधू शकतो आणि शेण परस्पर शेतात टाकू शकतो. एक-दोन गाई पाळून दुधावर चूल पेटवणाऱ्या भूमिहीनाला खड्डा खणायलाही स्वतःची जागा नसते. त्याच्या घराची पडवी हाच गोठा, आणि दारासमोरची हातभर जागा हाच उकिरडा. शेण उचलण्याचे काम घरच्या बाईकडे नाहीतर सालगड्याकडे. त्या श्रमाचा मोबदला दुधाच्या हिशेबात कोठेच धरला जात नाही. रोज सकाळी दूध गोळा करण्यासाठी खेड्याच्या टोकापर्यंत पोहोचणारी यंत्रणा शेणाकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही. आणि माशी तर कोणाचीच हद्द मानत नाही. एकाने गोठा आरशासारखा ठेवला आणि शेजारचा ढीग तसाच राहिला, तर त्याचे कष्ट वाया जातात. व्यक्तीच्या शिस्तीने सुटणारा हा प्रश्न नव्हे. तो सामुदायिक व्यवस्थेचा प्रश्न आहे.

राज्यकर्त्यांचे गोप्रेम या ठिकाणी तपासून पाहण्यासारखे आहे. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' असे बिरुद देण्यात आले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी रोज ५० रुपये अनुदान ठरले. गाईला बिरुद मिळाले. तिच्या पायांतले रक्त पिणारी माशी होती तेथेच राहिली. २०२२ च्या साथीत पुरेसे पशुवैद्यक हाताशी नव्हते, म्हणून महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना लसीकरणास उतरवावे लागले. मायेची परीक्षा बिरुदाने होत नाही. गोठ्यातले शेण कोण, केव्हा आणि कोठे हलवणार, या प्रश्नाच्या उत्तराने होते.

उपाय नवे शोधायचे नाहीत. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी घालून दिलेली नाडेप पद्धत महाराष्ट्राच्या मातीतली आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे जाळीदार टाके. त्यात चगळ-पाचोळा, सुमारे १०० किलो शेणाचा काला आणि माती यांचे थर. वरून शेणमातीने लिंपण. ज्या चगळीत माशी वाढते, तीच येथे लिंपणाखाली बंद होते आणि तीन-चार महिन्यांत खत बनते. गोबरगॅसच्या संयंत्रात गेलेल्या शेणातही माशीला अंडी घालता येत नाहीत. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत करण्याचे प्रयोग केले, तेव्हा त्यामागे केवळ खताचा विचार नव्हता. सफाई एका जातीच्या माथी मारलेली आहे तोवर समताही येणार नाही आणि स्वच्छताही येणार नाही, हा त्या कार्याचा अर्थ होता.

तो अर्थ ध्यानी ठेवूनच मागण्या मांडल्या पाहिजेत. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावठाणाबाहेर सामुदायिक खतटाक्यांसाठी जागा राखून ठेवावी आणि तिच्यावर पहिला हक्क भूमिहीन पशुपालकांचा असावा. शेण व चगळ आठवड्यातून किमान एकदा, पावसाळ्यात दोनदा, तेथे हलवली जावी. माशीची पिढी पुरी होण्याआधी तिचे घर मोडले की निम्मे काम फत्ते झाले. या कामाला मजुरी मिळावी. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये करणाऱ्या महाराष्ट्राला हे अशक्य नाही. पक्के गोठे आणि नाडेपची टाकी ही कामे २०२१ मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडलीही होती. परंतु वैयक्तिक लाभाची योजना त्यालाच गाठता येते, ज्याच्या नावावर जागा आहे. दूधसंघांनी आपल्या उत्पन्नातील वाटा गोठ्यातील निचरा आणि बंद पडलेल्या गोबरगॅसच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढावा. पशुवैद्यकीय दवाखान्यांतील रिक्त जागा भराव्यात.

हे सारे सरकारने करावे आणि कार्यकर्त्यांनी निवेदने द्यावीत, एवढ्यावर मात्र भागणार नाही. पावसाळ्यापूर्वी एका गावातील गोठ्यांची पाहणी करणे, उकिरडे मोजणे, जागेचा ठराव ग्रामसभेत मांडणे आणि पहिले टाके श्रमदानाने उभे करणे हे शाखेच्या आवाक्यातले काम आहे. त्या श्रमदानात पाटी उचलणारे हात नेहमीचेच असतील, तर ते श्रमदान नव्हे, वेठ होय. बागाईतदाराचा मुलगा आणि शाळामास्तर यांनीही घमेले घेतले पाहिजे.

उकिरड्याचे पांगसुद्धा बारा वर्षांनी फिटते, अशी म्हण आहे. माशी बारा दिवसही थांबत नाही. चळवळीनेही बारा वर्षे वाट पाहण्याचे कारण नाही.