फुकट्या प्रवाशाचं सामान

पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, आणि डब्यात सगळ्यात जास्त सामान त्याचंच असतं. परवा नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेसची वाट बघताना शेजारच्या कुटुंबाचा पसारा न्याहाळत होतो: दुपट्यांची पिशवी, डायपरचं पोतंच म्हणा, थर्मास, नाचणीसत्त्वाचा डबा, गुटी उगाळायची सहाण (मुंबईत सहाणेचा दुष्काळ पडलाय की काय!) आणि या सगळ्यावर एक बाबागाडी, जी मिटायला बाबा आणि आजोबा दोघंही कमी पडत होते. गाडी आल्यावर सामान मोजून झालं आणि मग बाळ कोणाकडे आहे याची चौकशी सुरू झाली. तुम्हाला म्हणून सांगतो, बाबागाडी घरीच ठेवावी. पंचवटीतले बोळ, रामकुंडाच्या पायऱ्या, वणीचा गड, तिचं चाक कुठेच चालत नाही. त्यापेक्षा आजीचं धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती लुगडं घ्या: अंथरूण, पांघरूण, आईला आडोसा, आणि रात्रीच्या गाडीत दोन गाठी मारल्या की झोळी. रेल्वेने २०२२ साली लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून ‘बेबी बर्थ’ लावून पाहिला. आमच्या आज्यांनी तो कधीच सुरू केला होता, तोही विनाउद्घाटन. आणि हो, जास्तीचा शर्ट बाळाचा नव्हे, त्याला खांद्यावर घेणाऱ्याचा घ्यावा. कसारा घाटातली वळणं लागली की का ते कळेल.